शाळेबाहेरचा रस्ता

महायुद्धाआधीच्या ज्यू शाळेच्या आठवणी म्हटलं की बर्लिन किंवा वॉर्सा डोळ्यांपुढे येतं. पुढे काय घडलं ते ठाऊक असल्यानं त्या आठवणी ऐकण्याआधीच मन धास्तावतं. मी मात्र असल्या आठवणी प्रथम ऐकल्या त्या बडोद्यात, शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजींकडून, अस्सल अलिबागकडच्या मराठीत. आजी लहानपणी मुंबईला मामांकडे राहून माझगावच्या ज्यू शाळेत शिकल्या होत्या. त्यांची एक वही अजून घरात होती. पुढून उघडली की मराठी शुद्धलेखन, मागून उघडली की उजवीकडून डावीकडे लिहीत नेलेलं हिब्रू. मध्ये एका जोडपानावर दोन्ही लिप्या समोरासमोर येऊन थांबलेल्या. "कागद महाग, मग एकाच वहीत भागवायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

ही शाळा १८७५ साली निघाली. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांचे सहकारी यांनी ती आपल्या बेने इस्राएल समाजासाठी काढली. पुढे हाँगकाँग-शांघायचे उद्योगपती सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचं नाव मिळालं. किहीमवरून केहीमकर, राजपुरीवरून राजपूरकर अशी आडनावं लावणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांच्या या समाजाला हिब्रू शिकायचं होतं, इंग्रजी हवं होतं आणि मराठी सोडायची नव्हती. १९२२ ते १९५० या काळात रिबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या. त्या स्वतः पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. मुलींच्या सार्वजनिक शाळेत घडलेली बाई समाजाच्या शाळेची धुरा वाहते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या शाळेला कुंपण होतं, पण ते बाहेरच्या जगाला भिऊन घातलेलं नव्हतं.

बडोद्यात ज्यू शाळा उभी राहावी एवढी वस्ती कधी नव्हती. तशी निकडही नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. त्याच महाराजांच्या कारकिर्दीत १९३४ साली अर्न्स्ट कोन-वीनर हे जर्मन ज्यू कला-इतिहासकार बडोद्याच्या संग्रहालयाचे प्रमुख म्हणून इथे आले. हिटलरच्या राजवटीत त्यांना मायदेशी काम करणं अशक्य झालं होतं.

त्यांनी मागे टाकलेल्या देशात एप्रिल १९३३च्या कायद्यानं वरच्या शाळांत आणि विद्यापीठांत ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा घातली. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना सरकारी शाळांतून सरसकट काढलं. त्यांच्यासाठी उरल्या फक्त ज्यू शाळा, आणि १९४२च्या जूनअखेर त्याही बंद केल्या. तिथल्या शिक्षकांनी त्या वर्षांत मुलांना जीव तोडून शिकवलं, आसरा दिला. म्हणून ज्यू शाळा चांगली की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचं ते हे, की त्या मुलाला समोरच्या शाळेतही जाता येत होतं का? माझगावच्या मुलीला येत होतं. बर्लिनच्या मुलीला १९३८ नंतर येत नव्हतं. दोघींच्या वहीत हिब्रूची अक्षरं तीच होती.

बडोद्याच्या आम्हा मराठी माणसांना हा फरक लवकर उमगायला हवा. आमच्याही मुलांसाठी इथे मराठी शाळा निघाल्या, त्यांतून पिढ्या शिकल्या, आणि आज तिथले वर्ग रोडावत चालले आहेत. कुणी हाकललं नाही. आम्हीच मुलांना दुसरीकडे घातलं. याचं मला दुःख आहे. तरी ते दुःख बर्लिनच्या दुःखाशेजारी मांडणं अन्याय ठरेल. भाषा आपण सोडली असेल, तर ती पुन्हा धरणंही आपल्याच हातात आहे.

केहीमकरांच्या शाळेत आज ज्यू मुलं जवळपास नाहीत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. शाळा इतरांच्या मुलांनी भरते. आणि इस्रायलला गेलेल्या त्या लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.