व्याह्यांची सहल आणि गाडीचे भाडे

नवरदेवाकडची मंडळी लांबची असली की लग्नाच्या दोन-तीन दिवस आधीच वर्ध्यात येऊन उतरतात. एप्रिल-मेचे ऊन, घरात हळदीची तयारी, दारात अर्धवट उभा मांडव. अशा वेळी कोणीतरी सुचवते, पाहुण्यांना सेवाग्राम-पवनार दाखवून आणा. मुलीचा भाऊ हातातले काम टाकून गाडी ठरवतो, बापूकुटी, पवनारचा परमधाम आश्रम, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप असा फेरा होतो, आणि परतताना प्रत्येकाच्या हाती गोरसपाक बिस्किटांचा डबा ठेवला जातो. दोन अनोळखी घरांनी लग्नाआधी असे सोबत हिंडावे, यासारखी चांगली गोष्ट नाही. मांडवात व्याहीभेट होते तेव्हा एकमेकांशी बोलायला कोणाला सवड असते? प्रश्न सहलीचा नाही. या फेऱ्यातले पैसे, धावपळ आणि अदब या तिन्ही गोष्टी एकाच बाजूने पुरवल्या जातात, हा प्रश्न आहे. पुढे वीस वर्षे दोन घरांत कोणी किती वाकायचे हे याच दोन-तीन दिवसांत ठरून जाते, आणि ते ठरले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्या जागा दाखवायला आपण पाहुण्यांना नेतो, त्या जागांचा पाहुणचार वेगळा होता. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. गावाचे सेवाग्राम हे नाव नंतरचे. आश्रमात आलेल्याने चटईवर बसायचे आणि तिथल्या साध्या जेवणात वाटेकरी व्हायचे, असा रिवाज होता. १९३८ मध्ये ब्रिटिश राजकारणी लॉर्ड लोथियन आले तेही सेगावातच राहिले. पुढे व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी तिथे टेलिफोन आला, पण बैठक चटईचीच राहिली. याच आश्रमात मार्च १९४८ मध्ये एक लग्न लागले. आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातले अर्जुनराव यांचे. दोन वर्षे थांबा, हा सल्ला गांधीजींचा होता. लग्नाच्या वेळी मात्र ते हयात नव्हते. शपथेत देवाच्या जागी सत्य घेतले गेले. त्या मांडवात वरपक्ष वरचढ आणि वधूपक्ष मिंधा असा हिशेब लावणे अवघड गेले असते. बापूकुटीसमोर फोटो काढून परतणाऱ्या व्याह्यांना एवढी एक गोष्ट तरी सांगायला हवी.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: अतिथी देवो भव, पाहुण्याचा मान ही आपली रीत आहे. रीत असेलही, पण ती दोन्ही दिशांनी वाहते का ते पाहावे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाणीही प्यायचे नाही, असे मानणारे आईवडील जुन्या पिढीत घरोघर होते. मुलाच्या बापाला देवपण आणि मुलीच्या बापाला पाण्याचीही बंदी, याला अतिथिधर्म म्हणता येणार नाही. ही श्रेणी आहे. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: मुलीकडचे हे हौसेने करतात, त्यांच्या आनंदात विरजण कशाला? हौस खरी असते, हे मान्य. पण तोच गृहस्थ मुलाच्या लग्नात सुनेच्या माहेरच्यांना आपल्या पदरच्या पैशाने बोर अभयारण्य दाखवायला नेतो का? नेत असेल तर ती हौस. नेत नसेल, तर मुलीच्या लग्नातल्या हौसेत बरीचशी धास्ती मिसळलेली आहे, आणि तिची वसुली मुलाच्या लग्नात दुसऱ्या कोणाकडून तरी होणार.

ही धास्ती किती खोल असते, ते वर्ध्यात एका खास मागणीवरून दिसते. गांधीजींच्या वास्तव्यामुळे जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरी ‘पाहुण्यांची सोय’ हा शब्द दबक्या आवाजात येतो, आणि आयुष्यात गुत्त्याची पायरी न चढलेला मुलीचा बाप चोरून बाटल्यांची व्यवस्था करतो. सकाळी ज्यांना आश्रम दाखवला त्यांच्यासाठीच संध्याकाळी कायदा मोडायचा. इथे मानपान राहत नाही. समोरच्याला त्याच्याच दारात गुन्ह्याला लावणे होते. मागणारा तोंडाने काही मागत नाही, म्हणून तो सुटत नाही; न मागता मिळते हे त्याला पक्के ठाऊक असते.

मंगल प्रसंगी पै-पैचा हिशेब शोभत नाही, असाही आक्षेप येईल. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात गाडीचे भाडे कोंबण्याचा अट्टहास माझाही नाही. पण हिशेब होतोच. फक्त तो एकाच घरात, रात्री, मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात होतो. कपाशीवर जगणाऱ्या घरात लग्न उरकते आणि जूनमध्ये बियाणे-खताचा खर्च दारात उभा राहतो. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. तिथे मुलीच्या लग्नाचे कर्ज हा काही परका विषय नाही. चार गाड्यांचे भाडे आणि डझनभर डबे एवढ्याने कोणी बुडत नाही, हे खरे. पण मोठ्या खर्चाला नाही म्हणण्याची ताकद असल्याच लहान होकारांत झिजत जाते.

मुलीकडचे खर्चाच्या वाटणीला तयार होत नाहीत, अशी सबब वरपक्ष नेहमी देतो. होणारच नाहीत, नकाराची किंमत त्यांनाच मोजावी लागते. म्हणून बोलायचे ते नवऱ्या मुलाने, आणि गाडीत बसण्याआधी फोनवर: फिरण्याची गाडी आम्ही सांगितली आहे, जेवण पिठलं-भाकरीचे चालेल, संध्याकाळी कसलीही ‘सोय’ नको, आणि तुमच्या घरचे मांडव सोडून येणार नसतील तर आम्ही आमचे जाऊन येऊ. त्याच्या वडिलांना हे आवडेलच असे नाही. ती कुरबुर त्याने आपल्या घरात झेलावी.