तारू आणि काचपेटी

साप पाळण्यात पाप आहे काय? भिवंडीतल्या एका महाविद्यालयीन तरुणाने हा प्रश्न मला गंभीरपणे विचारला. गोदामांच्या आसपास दिसणारी एखादी धामण पकडावी, काचेची प्रशस्त पेटी करून घ्यावी आणि तिचा नीट सांभाळ करावा, असा त्याचा बेत होता. साप दिसताच काठी शोधणाऱ्या आपल्या समाजात अशी इच्छा होणे हीच कौतुकाची गोष्ट आहे. म्हणून त्याला थट्टेचे नव्हे, तर विचारपूर्वक उत्तर द्यायला हवे.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, अजगर, धामण ह्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या आफ्रिकेतील अजगराची मात्र २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे नोंद करून तो बाळगता येतो. पण कायदा सीमा आखतो. त्या सीमेमागचे कारण सदसद्विवेकाने शोधायचे असते.

पाळणाऱ्याची बाजू आधी ऐकू या. साप आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करून राखू शकत नाही. म्हणून पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड ठेवावे लागते, म्हणजे त्याला हवे तिकडे सरकता येते. दोन्ही टोकांना लपायला जागा लागते, कारण चोहोबाजूंनी उघडी असलेली काच त्याला भयभीत करते. पाण्याचे भांडे, घट्ट झाकण, कात टाकण्याच्या दिवसांत पुरेसा ओलावा, हे सारे सांभाळावे लागते. बॉल पायथन वीस ते तीस वर्षे जगू शकतो. आणि एवढ्या सेवेच्या बदल्यात तो शेपूट हलवीत दारापर्यंत येत नाही. परतफेडीची आशा न धरता केलेली ही सेवा निरपेक्ष प्रीतीच्या जवळ जाणारी आहे, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. ही पेटी कोणासाठी?

पवित्र शास्त्रात एक मोठी पेटी आहे: नोहाचे तारू. त्यात सरपटणारे प्राणीही होते. परमेश्वरानेच त्या तारवाचे दार बंद केले. पण पाणी ओसरल्यावर, सर्व प्राण्यांना बाहेर आण, ही आज्ञाही त्याचीच होती. पुढचा करारही त्याने केवळ मानवाशी केला नाही, तर तारवातून उतरलेल्या प्रत्येक सजीवाशी केला. तारवातला कोंडवास त्या प्राण्यांच्याच हितासाठी होता आणि त्याला शेवट होता. एखाद्या प्राण्याला कोंडणे योग्य की अयोग्य, हे ठरविण्यासाठी मला ह्याहून चांगली कसोटी सापडत नाही.

जखमी सापावर उपचार होईपर्यंत त्याला ठेवणारी पेटी हे तारूच आहे. भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांना वाचविणारे प्रतिविष सापाच्या विषापासूनच करावे लागते. मानवी प्राण वाचविण्यासाठी प्राण्यांचा मर्यादेत उपयोग करण्यास ख्रिस्तसभेची शिकवण मुभा देते; त्यांना विनाकारण यातना देणे मात्र मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे मानते. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था साप पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि त्यांना पुन्हा रानात सोडते. तिथेही तारवाचे दार उघडते.

तरुणाच्या बेतातली धामण ह्या कसोटीला उतरत नाही. ती आजारी नाही, निराधारही नाही. सहा-सात फूट वाढणारा, चपळ, भक्ष्यामागे दूरवर भटकणारा हा जीव आहे. भिवंडीच्या गोदामांत धान्य आणि माल आहे, म्हणून उंदीर आहेत आणि उंदीर आहेत म्हणून धामण आहे. तिला पेटीत घातले, तर तिचे जगणे उरेल, पण निर्मात्याने तिला सोपविलेले काम थांबेल. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ ह्या परिपत्रकात हेच बजावले आहे की, प्रत्येक प्राण्याला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे असे मोल आहे. आदामाने प्राण्यांना नावे दिली. त्यांना आपल्या घरी आणून बांधल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही नाही.

बंदिवासातच जन्मलेल्या परदेशी अजगराची गोष्ट वेगळी. त्याला इथल्या रानात सोडणे म्हणजे त्याचाही घात आणि रानाचाही. ज्याने तो आधीच आणला आहे, त्याने तीस वर्षांचे ते ओझे प्रामाणिकपणे वाहावे. ज्याने अजून आणला नाही, त्याने त्या तीस वर्षांचा विचार आधी करावा; कारण मागणी वाढली की कोंडलेल्यांची संख्याही वाढते.

साप मारणारा आणि साप कोंडणारा ह्यांच्यात फार मोठे अंतर आहे, हे मान्य. पण सापाला त्याची जागा नाकारण्यात दोघेही सारखेच आहेत. त्या तरुणाची ओढ खरी असेल, तर त्याने गोदामातल्या हमालांना बिनविषारी धामण ओळखायला शिकवावे, काठी उगारलेली दिसताच मध्ये उभे राहावे आणि जाणकार सर्पमित्राला बोलवावे. धामण त्याच्या मालकीची होणार नाही, त्याला ओळखणारही नाही. परंतु ती बिळातून बाहेर येईल, उंदीर धरील आणि गवतात दिसेनाशी होईल. प्रीतीने एवढ्यावर समाधान मानायला शिकावे.