थांबण्याचा अधिकार

कार्याचा आरंभ कसा करावा, याविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झालेला आहे. मुहूर्त आहे, संकल्प आहे, गणेशपूजन आहे. परंतु हाती घेतलेले कार्य थांबवावे कसे, आणि थांबण्याचा अधिकार कोणास व केव्हा प्राप्त होतो, या प्रश्नाकडे आपण तितक्या आस्थेने पाहत नाही. वस्तुतः पूजेत आवाहनाइतकेच विसर्जनालाही स्थान आहे. हा प्रश्न केवळ धर्मकृत्यांपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. संगणकावर चालणाऱ्या ई-मेलच्या टपालसेवेत तो वारंवार उभा राहतो, आणि तेथे तो इतका स्वच्छ दिसतो की त्याच्या आधाराने मूळ प्रश्नाचा विचार करणे सुकर होते.

आपण धाडलेले ई-मेल एकदम इच्छित स्थळी जाऊन पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसे नाही. ते एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे सोपविले जाते, आणि हे सोपविण्याचे काम करणारी सेवा पडद्याआड अहोरात्र चालू असते. अशा अदृश्य सेवकास संगणकाच्या परिभाषेत ‘डीमन’ म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये १९६३ च्या सुमारास हा शब्द प्रचारात आला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने १८६७ साली कल्पिलेल्या, वायूचे रेणू निवडीत बसणाऱ्या जीवावरून तो घेतलेला आहे. पत्र न पोचल्यास ‘मेलर डीमन’ या नावाने परत येणारा निरोप अनेक वाचकांनी पाहिला असेल. तो याच सेवकाचा. आपल्या लोककथेतील भूत काम संपले की मालकालाच खावयास उठते, म्हणून त्यास खांबावर चढण्या-उतरण्याचे काम द्यावे लागते. संगणकातील हे भूत नेमके उलट स्वभावाचे आहे. काम नसले की ते निमूट झोपते. अडचण होते ती त्याला ‘आता थांब’ असे सांगितल्यावर.

दुरुस्तीसाठी किंवा नवी आवृत्ती बसविण्यासाठी व्यवस्थापक ही सेवा बंद करू पाहतो. लिनक्स प्रणालीत त्याची रीत अशी: प्रथम ‘सिग्टर्म’ नावाचा संकेत दिला जातो. ही सभ्य सूचना होय. सेवकाने ती ऐकावी, आवराआवर करावी व निघावे. ठराविक वेळात तो निघाला नाही तर ‘सिग्किल’ हा दुसरा संकेत जातो. तो ऐकण्या-न ऐकण्याचा प्रश्नच नसतो. सेवक जागच्या जागी संपतो. अनेक लिनक्स यंत्रांवर सेवांची देखरेख करणारी ‘सिस्टिम-डी’ ही व्यवस्था या दोहोंमध्ये, वेगळे काही सांगितले नसल्यास, ९० सेकंदांची मुदत देते.

आता सेवा थांबत नाही, याची कारणे कोणती? पहिले असे की, ती दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत असते. दुसरे, तिच्या रचनेत ‘थांब’ ही सूचना ऐकण्याची सोयच नसते. ती एकाच फेऱ्यात फिरत राहते. तिसरे, मुख्य प्रक्रिया संपते, पण तिने कामास लावलेल्या उपप्रक्रिया मागे चालूच राहतात. चौथे, ती डिस्ककडून येणाऱ्या उत्तरासाठी प्रणालीच्या गाभ्यातच अडकलेली असते, आणि मग डिस्क मोकळी होईपर्यंत सिग्किलचाही काही परिणाम होत नाही. बाहेरून चारही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून जाणता मनुष्य प्रथम बळाचा वापर करीत नाही. तो लॉगमधील, म्हणजे सेवेच्या रोजनाम्यातील, अखेरची ओळ वाचतो. पाठवावयाच्या पत्रांची रांग पाहतो. प्रत्येक प्रक्रिया कशासाठी खोळंबली आहे याचा शोध घेतो. न थांबणे ही एकच गोष्ट नव्हे, हे ओळखणे ही निदानाची पहिली पायरी होय.

येथे नीतीचा प्रश्न येतो. ई-मेलच्या वहनाचे नियम सांगणारे जे मानक २००८ साली जॉन क्लेन्सिन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले, त्यात एक नियम मनन करण्याजोगा आहे. पत्र घेणाऱ्या सर्व्हरने ‘२५०’ या अंकाने स्वीकृती कळविली, की त्या क्षणापासून ते पत्र पुढे पोचविण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पोचविणे अशक्य झाल्यास तसे पाठविणाऱ्यास कळविले पाहिजे. आणि क्षुल्लक कारणाने पत्र गमावता कामा नये. स्वतःचे यंत्र बंद पडले, ही सबबही तेथे क्षुल्लकच गणली आहे.

हा विचार आपणास परका नाही. मुडबीचा तालुका जे बसवकल्याण, ती एके काळी चालुक्यांची राजधानी होती. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) राजवटीत तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या कायद्यामुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या स्मृतीत उपनिधीचे, म्हणजे ठेवीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. आत काय आहे ते न सांगता बंद करून दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू जशीच्या तशी परत केली पाहिजे. राजाने नेली, दैवी आपत्तीत नष्ट झाली किंवा चोरांनी हरण केली, तर ठेव सांभाळणारा दोषी नाही. मात्र धन्याने मागूनही दिली नाही आणि मग ती गेली, तर भरपाई व दंड दोन्ही त्याच्या माथी येतात. बंद लिफाफा हाती घेणारा सर्व्हर उपनिधीच सांभाळीत असतो. नव्या मानकाने तर आपत्तीची सवलतही आणखी संकुचित केली आहे, कारण यंत्र कधी ना कधी बंद पडणारच, हे आधीच ठाऊक असते.

या नियमाची कसोटी एका लहानशा टिंबावर लागते. पत्राचा मजकूर संपला हे कळविण्यासाठी पाठविणारा सर्व्हर एका ओळीवर केवळ एक टिंब धाडतो आणि ‘२५०’ ची वाट पाहतो. येथे दहा मिनिटांपर्यंत धीर धरावा, असे मानक सांगते. कारण घेणाऱ्याने पत्र स्वीकारले असेल व उत्तर अद्याप वाटेत असेल. त्याच वेळी पाठविणाऱ्याने आशा सोडली, तर तेच पत्र पुन्हा जाईल. या दुहेरी पत्रांच्या दोषाचे विवेचन १९८८ सालीच झालेले आहे. आता पाहा: टपालाचा नियम दहा मिनिटे थांबावयास सांगतो, आणि देखरेख करणारी व्यवस्था ९० सेकंदांत गळा धरते. अशा वेळी जी सेवा थांबत नाही ती उद्दाम नसून वचनबद्ध असू शकते.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. फेऱ्यात अडकलेली, कोणतेही पत्र हाती नसलेली सेवाही बाहेरून तशीच दिसते. तिचे चालू राहणे हे कर्तव्य नव्हे. तो केवळ बहिरेपणा आहे. मग भेद कशाने ओळखावा? माझ्या अल्पमतीने कसोटी एकच आहे: घेतलेली ठेव लिहून ठेवली आहे काय? पोस्टफिक्ससारखी नीट रचलेली सेवा पत्र आधी डिस्कवर उतरविते आणि मगच ‘२५०’ म्हणते. तिला थांबविण्याच्याही दोन आज्ञा आहेत. एकीने चालू प्रक्रियांना हातचे काम आवरू दिले जाते, दुसरीने त्या तात्काळ थांबविल्या जातात. दुसरी आज्ञा दिली तरी रांगेतील पत्रे डिस्कवर राहतात आणि सेवा पुन्हा सुरू होताच पुढे जातात. फार झाले तर एखादे पत्र दोनदा पोचते. उलट, जी सेवा पत्रे केवळ स्मरणात ठेवते आणि तरी ‘मिळाले’ म्हणते, तिला हिसका देऊन थांबविले की एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेशाचा अर्ज किंवा रुग्णाचा अहवाल कायमचा नाहीसा होतो, आणि पाठविणारा मात्र ते पोचले या समजुतीत राहतो. पत्र दोनदा मिळणे ही असुविधा आहे. स्वीकारून हरवणे हा विश्वासघात आहे.

हे सारे मनुष्यालाही लागू आहे. हिशेब ज्याच्या केवळ डोक्यात आहे असा कारभारी, शेताच्या बांधांची व देण्याघेण्याची माहिती कोणालाच न सांगणारा घरातील वडीलधारा, हे थांबू शकत नाहीत. ‘माझ्यावाचून अडेल’ असे ते म्हणतात व ते खरेही असते. परंतु अडते ते त्यांच्या निष्ठेमुळे नव्हे. ठेव कोठेच लिहिलेली नसल्यामुळे. आणि मनुष्याला मिळणारा अखेरचा संकेत ९० सेकंदांची मुदत देईलच, असे नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने कर्तव्य टाकणे तामस, आणि कष्टाच्या भयाने टाकणे राजस. सात्त्विक त्यागात कर्म सुटत नाही. त्यावरील आसक्ती सुटते. ‘हे मीच पोचविले पाहिजे’ हा आग्रह सोडून ‘हे पोचले पाहिजे’ एवढेच धरून राहणे, हा त्या आसक्तित्यागाचाच एक व्यवहारी प्रकार नव्हे काय?

तात्पर्य, थांबण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम नवे स्वीकारणे बंद करावे. हातचे शक्य तेवढे पुरे करावे. उरलेले दुसऱ्यास वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवावे. जे होणार नाही ते देणाऱ्यास स्पष्ट कळवावे. मग खुशाल थांबावे. आणि यातील लिहिण्याचे काम अखेरच्या दिवसावर ठेवू नये. ते स्वीकार करतानाच करावे. ज्याने घेताना लिहिले, त्याला थांबण्याचा अधिकार प्रत्येक क्षणी आहे.