खलनिग्रह आणि आत्मनिग्रह

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर, मुरबाड मागे पडल्यानंतर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे हे गाव लागते. काही दिवसांपूर्वी एका कामानिमित्त त्या बाजूला माझा मुक्काम होता. पहाटे नीट उजाडण्यापूर्वीच रस्त्याच्या कडेने आठ-दहा तरुण धावत जाताना दिसले. पोलीसभरतीची तयारी चालली होती. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे, गोळाफेक आणि पुढे लेखी परीक्षा, एवढे डोंगर ओलांडले तर घरात पहिला सरकारी पगार येणार! त्यांच्यापैकी एकाच्या घरी मला चहाला बोलावले होते. मुलाची आई चुलीपाशी बसली होती. बोलता बोलता ती एकाएकी म्हणाली, "फादर, हा पोलीस झाला तं याच्या हातात बंदूक येईल. उद्या याच्या गोळीनं कोणी मेला, तं त्याचं पाप कोणाच्या माथी?"

मुलगा हसला. "आई, आधी भरती तर होऊ दे," म्हणाला. मीही दोन धीराचे शब्द बोललो आणि चहा संपवून निघालो. परंतु घाटाखालच्या त्या चढउतारांच्या रस्त्याने परतताना माझ्या ध्यानात आले की, त्या माउलीच्या प्रश्नाला मी बगल दिली होती. आपल्या धर्मग्रामांतूनही पोलीस दलात गेलेली मुले-मुली आहेत. तेव्हा हा प्रश्न एका चुलीपाशी सोडून देण्याजोगा नाही.

प्रथम मूळ शंका घेऊ. शस्त्र हाती धरणे हेच पाप आहे काय? संत लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. यार्देनच्या काठी योहान बाप्तिस्ताकडे शिपाई येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. योहान त्यांना शिपाईगिरी सोडा असे सांगत नाही. दांडगाईने कोणाचे काही लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, असे तो बजावतो. दुसरा प्रसंग गेथशेमनी बागेतला. पेत्राने तलवार उपसली, महायाजकाच्या दासाचा कान तोडला आणि प्रभूने त्याला तत्क्षणी आवरले. पेत्राचे प्रेम खरे होते, शौर्यही खरे होते, तथापि त्याच्या हाताला शिस्त नव्हती. एका प्रसंगात शस्त्रधारी माणसाला नकार नाही आणि दुसऱ्यात शस्त्राच्या आवेगाला मान्यता नाही. या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून ख्रिस्ती नीतिविचार चालत आला आहे.

स्वतःचा जीव वाचवण्यासाठी एखाद्या खाजगी माणसाने दुसऱ्याला ठार मारावे, हे संत ऑगस्टीनला रुचत नव्हते. जो अधिकाराने इतरांचे रक्षण करतो, त्याचा विचार मात्र त्याने वेगळा केला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने त्यात मोजमाप आणले. हल्ला परतवण्यास लागेल तेवढेच बळ न्याय्य. त्याहून अधिक वापरले तर स्वसंरक्षणाची कृतीही दोषास्पद ठरते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ आज हेच सांगतो: इतरांच्या जीविताची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी संरक्षण हा हक्क आहेच, शिवाय ते गंभीर कर्तव्यही आहे. आता प्रश्न असा की, हे 'लागेल तेवढेच' कोण मोजणार? काळोखात, गर्दीत, छाती धडधडत असताना, एका क्षणात? त्या क्षणी माणूस ग्रंथ उघडून बसत नाही. आधी शेकडो वेळा केलेला सराव जे शिकवून गेला असेल, तेच तो करतो. म्हणूनच गोळीचे पापपुण्य गोळी सुटण्यापूर्वी बऱ्याच अंशी ठरलेले असते. ते चांदमारीच्या मैदानावर ठरते, शस्त्रागाराच्या नोंदवहीत ठरते, आणि सरावासाठी किती काडतुसे व किती दिवस द्यायचे हे जेथे मंजूर होते त्या टेबलावर ठरते.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे. हे शब्द आपण पोलीस ठाण्याच्या पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. पण तो 'निग्रह' शब्द जरा थांबून पाहावा. ब्रीदकाराने खलहनन म्हटलेले नाही. निग्रह म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. मराठीत आपण इंद्रियनिग्रह म्हणतो, मनोनिग्रह म्हणतो; कोणी इंद्रियांना ठार मारीत नाही. ज्याला दुसऱ्याला आवरायचे आहे, त्याला आधी स्वतःला आवरता आले पाहिजे. निर्णय होईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवायचे, नळीचे तोंड कोणाकडेही वळू द्यायचे नाही, प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे धरून ते हाताळायचे, सराव संपला की रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत करायच्या. हे शस्त्रशिक्षणाचे प्राथमिक धडे आहेत, आणि त्यांतला एकही धडा मारण्याचा नाही. सारे धडे आवरण्याचे आहेत.

हे शिक्षण तोकडे पडले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे दहशतवादी शिरले, त्यांच्या हातांत एके-४७ होत्या. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्यांना सामोऱ्या गेलेल्या पोलिसांपैकी कोणाकडे लाठ्या होत्या, तर कोणाकडे जुन्या थ्री नॉट थ्री रायफली. पुढे शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, व्ही. बालचंद्रन हे तिचे दुसरे सदस्य होते. समितीने २००९ साली अहवाल दिला. गोळ्यांच्या तुटवड्यामुळे पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावात खंड पडला होता, हे त्या चौकशीतून उघड झाले. मिस्साच्या आरंभी आपण केवळ केलेल्या पापांची कबुली देत नाही; जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याचीही देतो. सरावाविना राहिलेली बंदूक शिपायाच्या हाती देऊन त्याला मृत्यूपुढे उभे करणे, हे त्या दुसऱ्या प्रकारचे पाप आहे. ते करणाऱ्यांच्या हाताला रक्त लागलेले दिसत नाही, म्हणून ते पाप पचते.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, हाती केवळ लाठी असताना, अजमल कसाबच्या रायफलीची नळी पकडली. गोळ्या पोटात घेतल्या, पण पकड सोडली नाही. ओंबळे गेले आणि कसाब जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कसाबवर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला फाशी झाली. फाशीविषयी ख्रिस्तसभेची भूमिका निराळी आहे. तो विषय येथे नको. सांगायचे ते एवढेच की, 'खलनिग्रहण' या शब्दाचा अर्थ त्या रात्री ओंबळ्यांनी देहाने लिहिला. तथापि त्यांच्या बलिदानाचा गौरव करताना आपण एक गोष्ट विसरतो. माणसाच्या शौर्याने व्यवस्थेची उणीव भरून काढावी लागली, ही व्यवस्थेला शोभा देणारी गोष्ट नव्हे.

दुसरी बाजूही आहे. उणीव काडतुसांची असते, तशी विवेकाचीही असते. याच मुरबाड तालुक्यात, सिद्धगडावर, २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गोळ्या झाडणाऱ्यांना बंदूक चालवता येत होती, नेमही होता. कोणावर नेम धरायचा, हा प्रश्न विचारण्याची मुभा परकी सत्ता त्यांना देत नव्हती. पण स्वराज्यातही ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्याला हुकूम कधी द्यायचा नाही हे शिकवावे लागते. नेमबाजीहून हे शिक्षण अवघड आहे.

आणि आता घराजवळची गोष्ट. २०२४ साली बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने आपण सारे हादरलो. त्यातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. त्याने एका पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयानेच करायचा आहे, मला येथे तो करायचा नाही. परंतु दोन दिवसांनी उच्च न्यायालयाने जे प्रश्न विचारले, ते शस्त्रशिक्षणाचेच होते. गाडीतल्या प्रशिक्षित पोलिसांना एका माणसाला आवरता कसे आले नाही? गोळी हातापायावर न लागता डोक्यात कशी लागली? योगायोग असा की, बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या चकमकींसंबंधीच्या खटल्यात पोलीस गोळीबारातील मृत्यूंसाठी सोळा नियम घालून दिले होते: स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, वापरलेली शस्त्रे तपासणीसाठी जमा करणे, आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक न देणे.

त्या सप्टेंबरात मी अनेक भल्या माणसांच्या तोंडून "बरे झाले" हे शब्द ऐकले. त्यांत नित्यनेमाने मिस्साला येणारी माणसेही होती. त्यांचा संताप मला समजतो. लेकरांवरील अत्याचाराने ज्याचे रक्त उसळत नाही, त्याच्या भक्तीचा मला संशय येईल. तरीही मला त्यांना एक विचारावेसे वाटते. पोलीस शिपायाला मैदानावर संयम शिकवायचा आणि समाजाने मात्र संयम सुटल्यावर पेढे वाटायचे, तर त्या शिपायाने कोणाचे ऐकावे? आपली टाळी हेदेखील एक प्रशिक्षण आहे. ते फुकट मिळते आणि फार लवकर अंगवळणी पडते.

मग शस्त्रशिक्षणाचे व्यवस्थापन म्हणजे काय? १९९० साली हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसांच्या बळवापराविषयी जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत याचे उत्तर आहे. मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका अगदी समोर उभा असेल तेव्हाच शस्त्र; योग्य प्रशिक्षण झालेल्यालाच शस्त्र; प्रशिक्षणात मानवी हक्क आणि शस्त्राविना तंटा मिटवण्याची कला यांना स्थान; आणि गोळी झाडावी लागलेल्या पोलिसाला मानसिक आधार. कागदी लक्ष्य स्थिर असते, ते रडत नाही, पळत नाही, त्याच्या कडेवर मूल नसते. म्हणून जगातील अनेक पोलीस दलांत गोळी कधी झाडायची नाही याचाही सराव घेतात. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर तर बहुसंख्य पोलीस शस्त्राविना फिरतात आणि विशेष शिक्षण घेतलेल्या थोड्यांनाच शस्त्र दिले जाते. आपल्याकडे उत्सवांचा बंदोबस्त, निवडणुकांचा बंदोबस्त, पुढाऱ्यांच्या सभांचा बंदोबस्त यांत शिपायाचे दिवस जातात आणि सराव उद्यावर ढकलला जातो. तो उद्यावर ढकलणे ही नैतिक बाब आहे, हे ज्या अधिकाऱ्याला उमगले, त्याने आपल्या हाताखालच्या माणसांचे आत्मे राखले असे मी म्हणेन.

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की माथ्यावर दगडी रांजण लागतो. सातवाहनांच्या काळी त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. जकात द्यायची ती वाट सुरक्षित राहावी म्हणून. आज आपण कर भरतो तो त्याचसाठी. वाट राखणारा कसा शिकला, त्याला कशाची शाबासकी मिळाली, याचा हिशेब त्यामुळे आपल्यालाही द्यावा लागतो.

त्या माउलीकडे मी पुन्हा जाणार आहे. सांगेन की, बाई, तुझ्या लेकाने दुसऱ्याचा प्राण वाचवण्यासाठी, अगदी निरुपाय झाल्यावर, लागेल तेवढेच बळ वापरले, तर ते पाप त्याच्या माथी नाही. त्याने रागाने, भीतीने किंवा टाळीच्या लोभाने चाप ओढला, तर ते त्याच्या माथी आहे. त्याला नीट न शिकवता बंदूक दिली असेल, तर देणाऱ्याच्या माथीही आहे. आणि आम्ही "बरे झाले" म्हणालो असू, तर थोडे आमच्याही.