वाघ मोजून झाल्यावर

नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्या माणसाला रिपोर्ट वाचायची सवय आपोआप लागते. गल्लीगल्लीत दवाखाना, शेजारी पॅथॉलॉजी आणि चहाच्या टपरीवर आपल्या माणसाचं हिमोग्लोबिन एकमेकांना वाचून दाखवणारे बाहेरगावचे नातेवाईक. एक आकडा सुधारला की चेहरे खुलतात. डॉक्टर मात्र तेवढ्यावर कुणाला घरी पाठवत नाही. जंगलाच्या बाबतीत आपण नेमके उतावळ्या नातेवाइकांसारखे वागतो. वाघ किती वाढले ते विचारायचं आणि रोगी बरा झाला म्हणून मोकळं व्हायचं.

वाघांचा आकडा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. ही वाढ वनखात्याने कष्टाने मिळवलेली आहे. पण वाघ मोठा चिवट प्राणी. ब्रह्मपुरीच्या धानशेतीलगत तो राहतो, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांतही फिरतो. त्या झुडपांना कुणी निरोगी अरण्य म्हणणार नाही. वाघ असला म्हणजे खायला आहे, प्यायला आहे, लपायला आहे आणि बंदूक जरा लांब आहे, इतकंच कळतं. जंगल किती जुनं आहे, कुठे तुटलंय, पुढच्या पिढीची झाडं उगवताहेत की नाही, हे वाघाला विचारून उपयोग नाही.

ते विचारायचं तर मेळघाटात जावं. सातपुड्याचा हा डोंगराळ भाग व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. वैराटच्या ११७८ मीटर उंच माथ्यावरून पाहिलं तर सगळीकडे सागच साग दिसतो. इथला खरा साक्षीदार मुठीएवढा आहे: रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या डेव्हिडसनला तो खानदेशात मिळाला आणि नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसलाच नाही. मधल्या काळातला एकमेव पुरावा म्हणजे १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचं सांगितलेला कर्नल माइनर्त्झहागेनचा नमुना. तो चोरीचा निघाला. डेव्हिडसनचाच जुना पक्षी उसवून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ते ठिकाण यादीतून काढून टाकलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा सापडला. तोही भर सकाळी, उघड्या फांदीवर बसलेला. चुकीच्या रिपोर्टवर उपचार सुरू राहिले की काय होतं, याचं इतकं लख्ख उदाहरण धंतोलीतही सापडायचं नाही.

पुढे मेळघाटात तो बऱ्यापैकी संख्येने आढळला. या पक्ष्याच्या गरजा दोन. घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली आणि सरडे-उंदीर टिपायला विरळ, उघडी जागा. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या लाकूडतोडीच्या हिशोबात वाकडं, पोकळ झाड म्हणजे अडगळ. ते आधी काढायचं आणि सरळ साग वाढवायचा. त्यामुळे एखाद्या नाल्यात रानपिंगळ्याची जोडी वर्षानुवर्षं टिकली असेल, तर तिथली काही झाडं कुऱ्हाडीतून वाचली आहेत असं खुशाल समजावं. उपग्रहाच्या चित्रात मात्र ही विरळ जागा ‘कमी प्रतीचं जंगल’ म्हणून फिकट रंगात उमटते.

शेकरूचं म्हणणं नेमकं उलट. आपला हा राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. वीसेक फुटांची झेप घेत तो फांदीवरून फांदीवर जातो, म्हणून त्याला वर पानांचं सलग छत लागतं. मधून रुंद रस्ता काढला की दोन्ही बाजूंची शेकरं एकमेकांना परकी होतात. एकाला मोकळीक हवी, दुसऱ्याला दाटी. दोघंही ज्या डोंगरावर नांदतात तिथे जंगल एकसुरी झालेलं नाही, असं म्हणता येतं. यातलं एकच ऐकून ‘दाट तेच चांगलं’ असा नियम केला, तर रानपिंगळ्याची विरळ जागाही लागवडीने भरून टाकली जाईल.

अस्वल तर लेखी जबाब ठेवून जातं. वाटेवर पडलेली त्याची विष्ठा काडीने उकरून पाहा: बोराच्या बिया, बहाव्याच्या चपट्या बिया, उंबराचा चोथा, वाळवीची टरफलं. कोणत्या झाडांना फळ धरलं आणि त्यांचं बी कुठवर पोहोचलं, हे त्या ढिगात आहे. संवर्धनशास्त्रज्ञ केंट रेडफर्डने १९९२ मध्ये ‘रिकाम्या जंगला’विषयी लिहिलं, ते हेच. झाडं उभी असतात, पण बी वाहून नेणारं कुणी उरलेलं नसतं; वरून हिरवं दिसणारं हे रान हळूहळू वांझ होत जातं.

हे सगळं आपल्या मोजणीत फारसं येत नाही. कॅमेरा ट्रॅप वाटेच्या कडेला, गुडघाभर उंचीवर बांधलेला असतो, कारण तो वाघासाठी आहे. झाडाच्या शेंड्यावर आणि ढोलीत काय चाललंय ते त्याच्या नजरेबाहेर. बुद्धपौर्णिमेला नागपूरकर हौसेने मचाणावर रात्र काढतात. त्या वेळी शेकरू घरट्यात झोपलेलं असतं.

मेळघाटाची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही तरी. या डोंगराचे दोन आकडे दरवर्षी छापून येतात: वाघांचे आणि कुपोषणाने गेलेल्या बालकांचे. पहिल्यावर अभिमान, दुसऱ्यावर संताप, दोन्हींची खाती वेगळी. पण ज्या कोरकू आदिवासी गावांचं जंगलाबाहेर पुनर्वसन झालं त्यांच्या जुन्या शेतांवर आता गवत उभं आहे, गवे आणि सांबर तिथे चरतात. ते गवत टिकेल की घाणेरी त्याला गिळून टाकेल? शेताच्या कडेवर शिकार करणारा रानपिंगळा तिथे राहील की जाईल? गावाने काय सोडलं आणि जंगलाला काय मिळालं, हे ताडून पाहायची ती जागा आहे. त्यासाठी ड्रोन लागत नाही. प्रत्येक बीटमधल्या जुन्या ढोल्यांना क्रमांक द्यावेत, दर हिवाळ्यात आत कोण राहतंय ते वनरक्षकाने पाहावं आणि सोबतीला त्या रानात वाढलेला कोरकू माणूस पगारावर असावा. ढोल्यांच्या यादीवर सफारीचं तिकीट खपत नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा पैसा सफारीच्या उत्पन्नातूनच काढावा लागेल, आणि वाद त्यावर होईल.