रसिकाचे देणे

१९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी गौहर जान हिचे गाणे मेणावर टिपून घेतले. गाणे संपता संपता ती मोठ्या ठसक्यात इंग्रजीत सांगते, 'माय नेम इज गौहर जान.' आज ती तबकडी ऐकताना पुष्कळांना हसू येते. बाई भारीच नखरेल दिसते, असेही कोणी म्हणून जातो. वस्तुतः ह्या मुद्रा जर्मनीत हॅनोव्हरला जावयाच्या असत, तबकड्या तेथे तयार व्हावयाच्या असत, आणि तेथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणारांचे आवाज एकमेकांपासून ओळखता येणे शक्य नव्हते. लेबलावर कोणाचे नाव घालावयाचे हे त्यांना कळावे म्हणून गाणाराने शेवटी आपले नाव उच्चारावे, अशी ती सोय होती. आपल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या आरंभीच जी 'जाहिरात' ऐकू येते, तिचा हेतू इतकाच की ह्या आवाजाचे श्रेय चुकून दुसऱ्याच्या पदरात पडू नये.

नाव सांगणे कोठे संपते आणि नाव मिरवणे कोठे सुरू होते, हा प्रश्न मात्र तेव्हापासून आपल्यामागे लागलेला आहे. फेसबुक, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपच्या ह्या दिवसांत तो गाणारापुरता राहिलेला नाही. तो ऐकणाराच्या दाराशी येऊन बसला आहे.

ह्या नव्या साधनांनी गाण्याच्या वेड्यांवर केलेले उपकार आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. आपल्याकडे रसिकता फार काळ माणसाच्या पत्त्यावर अवलंबून होती. पुण्या-मुंबईत, मिरज-कोल्हापुरात राहणाराला बैठकी. तालुक्याच्या गावी राहणाराला रेडिओ आणि कोणा हौशी डॉक्टरच्या घरचा ग्रामोफोन. बरे, रेडिओवर रात्री ऐकलेली एखादी जागा सकाळी कोणाला सांगावी, तर गावात ऐकणारा दुसरा नाही. गाण्याची आवड एकट्याने सोसावयाची गोष्ट नव्हे. 'अहाहा' म्हणताना शेजारच्याच्या तोंडाकडे पाहण्यात निम्मा आनंद असतो. तो शेजारी आता न्यू जर्सीत असला तरी चालतो. एकाच मास्तरांकडे पेटी शिकलेले दोघे चाळीस वर्षांनी एखाद्या मारव्याच्या निमित्ताने पुन्हा एकमेकांस सापडतात आणि पहिल्याच दिवशी भांडू लागतात, ह्याहून मैत्रीची निराळी खूण ती कोणती? मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' निघाली, तेव्हा जुन्या तबकड्या जमवणारांना एकत्र येण्यासाठी रीतसर संस्था काढावी लागली होती. पुढे २००४ साली ऑर्कुट आले, २०१४ साली ते मिटलेही. तेवढ्या दहा वर्षांत लोकांना सवय लागली ती कायमची. 'वझेबुवांची अमुक तबकडी कोणाजवळ आहे काय?' ही एका ओळीची विचारणा आज पुरेशी होते, आणि कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून ती बाहेर निघते.

हे सर्व अगदी नवे आहे, असे मात्र समजू नये. झुमरी तलैया हे नाव ज्याने ऐकले नाही असा जुना रेडिओ-श्रोता विरळा. आज झारखंडात असलेले, अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले हे लहानसे गाव रेडिओ सिलोन आणि विविध भारतीच्या फर्माइशी कार्यक्रमांनी देशाला माहीत करून दिले. तेथून पोस्टकार्डे जात, आणि निवेदक गाण्यापूर्वी फर्माइश करणारांची नावे वाचून दाखवी. गाणे सर्वांना पाठ असे. बहुधा ते आधल्या आठवड्यातही लागलेले असे. मग लोक रेडिओला कान लावून काय ऐकत? स्वतःचे नाव. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे आणि आधी नावांची माळ! शिष्ट मंडळींनी ह्याची यथेच्छ चेष्टा केली. मला ती चेष्टा नेहमीच थोडी कोती वाटत आली आहे. 'मलाही हे आवडते, आणि मी अमुक गावचा अमुक आहे' असे जगाला सांगण्यात कोणाचे काय जाते? ज्या माणसाचे नाव रेशनकार्डाखेरीज कोठे लिहिले जात नाही, त्याला ते एका सुंदर गाण्याच्या शेजारी उच्चारले जावे असे वाटले, तर त्या इच्छेत मला रसिकतेचाच अंश दिसतो.

गाणारांविषयीची कुरकुर हिच्याच जातीची, पण अधिक कडवट. हल्लीचा गवई गातो थोडे आणि दाखवतो फार. रियाजाला बसला की त्याचे छायाचित्र आलेच. गुरूच्या पाया पडला की त्याचेही. 'पूर्वीचे लोक असे नव्हते' हे वाक्य ह्यानंतर यावयाचेच, आणि अल्लादियाखाँसाहेबांनी आपल्या गाण्याची तबकडी काढू दिली नाही, हा दाखलाही. दाखला खरा आहे. पण खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक होते, हे त्याच दमात कोणी सांगत नाही. ज्याच्या चुलीची चिंता संस्थान वाहते, त्याला अबोल राहणे परवडते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी दरबाराची वाट सोडली, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे केले. असले काम भिंतीवर कागद चिकटवल्यावाचून होत नसते. संस्थाने तर केव्हाच गेली. आता लोक हाच आश्रयदाता, आणि आपण आहोत एवढे तरी त्याला कळवणे भाग आहे. ह्या कळवण्याला आत्मप्रौढी म्हणणे हा भरल्या पोटाचा विनय झाला.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. मिनिटाभराची चित्रफीत करावयाची म्हटले की विलंबित एकतालाचे एक आवर्तन पुरे होते न होते तोच ती संपते. साहजिकच तान आधी येते, आलाप येतच नाही. कोणी म्हणेल, तीन मिनिटांच्या तबकडीने तरी काय निराळे केले होते? अब्दुल करीमखाँसाहेबांनी त्याच तीन मिनिटांत जे ठेवले आहे, ते अजून पुरले नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. जागा अपुरी असल्याने कला बिघडत नाही. परंतु कोणती तान किती जणांना आवडली, हे त्या तबकडीने खाँसाहेबांना तासातासाने कळवले नव्हते. गाणारा समोरच्या दादेने फुलतो हे खरे. पण समोरचा डोळे मिटतो, मान हलवतो, कधी अस्वस्थ होऊन पानाचा डबा उघडतो, ते सगळे गाणाराला दिसत असते. आकड्याला मान नसते. पन्नास मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाखाली दुसऱ्याच मिनिटाला 'क्या बात है' उमटते, तेव्हा ही दाद कशाला दिली, असे विचारावेसे वाटते.

आता ज्यासाठी हे लिहावयास बसलो त्या गोष्टीकडे येतो. खाजगी बैठकीचे ध्वनिमुद्रण कोणीही कोणालाही वाटावे काय?

बैठकीत गाणारा आणि ऐकणारा यांच्यात एक न बोललेला करार असतो. हे वीस-पंचवीस लोक आपले आहेत, ह्या भरवशावर गवई अशा जागी पाऊल टाकतो जेथे ते निसटण्याचा संभव असतो. कधी निसटतेही. सूर लागत नाही, सम हुकते, आणि सारे मिळून हसतात. दहा बैठकींतून एकदा ती जागा साधते आणि मग ते वीस-पंचवीस जण जन्मभर सांगत फिरतात. आता तिसऱ्या रांगेतून एक मोबाइल उंचावला जातो आणि निसटलेले पाऊल सकाळच्या चहापूर्वी चारशे लोकांच्या हातात पडते. ह्यावर शहाणा गवई एकच उपाय करतो: काल जे साधले तेच आज गातो. नुकसान झाले ते त्याच्या अब्रूचे नव्हे. जे त्या रात्री जन्मावयाचे होते, ते जन्मलेच नाही.

कायदा गवयाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या प्रयोगावरील हक्क नीट मांडले गेले; त्याच्या संमतीवाचून ते टिपणे हा त्या हक्काचा भंग होय. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोग करणारा म्हणून आपली ओळख दिली जावी, असा दावाही त्याला करता येऊ लागला. खाजगी उपयोगापुरती सूट आहे. चारशे जणांच्या समूहाला खाजगी म्हणावे काय, हे ज्याचे त्याने आरशात पाहून ठरवावे.

तरीही दुसऱ्या बाजूला वजन आहे, आणि ते हलके नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज कोठेही टिपलेला नाही. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्या गळ्यांतून जेवढा पाझरला तेवढाच आपला. त्या काळी एखादा चोर असता, तर त्याच्या चोरीला आज कोणी नावे ठेवली असती काय? भातखंड्यांनी उस्तादांच्या पोटात दडलेल्या शेकडो चिजा मिळवून क्रमिक पुस्तकांत घातल्या. ज्या त्यांना मिळाल्या नाहीत त्या धन्याबरोबर मातीत गेल्या. झाकून ठेवणे हा काही सद्गुण नव्हे.

मला वाटते, जिवंत माणसाच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे. तो अवघड असल्याचे सोंग आपण आणतो. त्याला विचारावे. 'नको' म्हणाला तर वाटू नये. 'कला कोणाच्या मालकीची नसते' हे सुभाषित मी तरी नेहमी अशाच माणसाच्या तोंडून ऐकले आहे, ज्याच्या खिशात दुसऱ्याची कला असते. माणूस गेल्यावर पारडे हळूहळू दुसरीकडे झुकते. त्याची जोखीम संपलेली असते, त्याच्या चुकाही आता आपल्याला शिकवतात, आणि स्पूलवरचे लोहचूर्ण झडू लागलेले असते. तेव्हा वाटणे हेच कर्तव्य होते. घरच्यांना मात्र आधी विचारावे.

केसरबाई केरकरांना आपले गाणे चोरून टिपलेले मुळीच खपत नसे, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी राजीखुशीने तबकडीला दिलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर चढून सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेला लागली. त्याच वर्षी बाई गेल्या. जे त्यांनी दिले ते इतके दूर गेले. जे दिले नव्हते तेही आज घरोघर वाजते आहे, आणि ते ऐकताना माझेही कान तृप्त होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तृप्त होतात म्हणून संकोच जात नाही.

मात्र ह्या वाटपात एक प्राणी असा आहे की त्याच्याविषयी मला काडीचाही संकोच नाही. हा संग्राहक 'अतिदुर्मीळ' असा मथळा देऊन बैठकीचे पहिले दीड मिनिट चढवतो आणि उरलेले मागणारांना रांगेत उभे करतो. कोणी कोणी तर दुसऱ्याच्या आलापाच्या मध्यावर आपल्या वाहिनीचे नाव बोलून ठेवतात, म्हणजे चोराच्या मालाची चोरी होऊ नये! गौहर जान आपल्या गाण्यानंतर आपले नाव घेत होती. हे गृहस्थ दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचे घेतात. मिरवणे म्हणतात ते हे.

आणि ज्या कोठारात हे सारे ठेवलेले आहे, ते तरी कोणाचे? मायस्पेस नावाच्या संस्थळावर गाणारांच्या एका पिढीने आपली गाणी ठेवली होती. २०१९ साली कळले की सामान हलवताना २०१५ पर्यंतची बारा वर्षांची गाणी नाहीशी झाली. कित्येकांजवळ दुसरी प्रत नव्हती. आपल्याकडच्या ट्रंका उघडून, आतले उतरवून घेऊन मूळ स्पूल रद्दीत घालणारांनी हे एकदा ऐकून ठेवावे.

ह्या जुन्या ध्वनिमुद्रणांखाली पुष्कळदा गवयाचे तेवढे नाव असते. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, बैठक कोणाकडे, साल कोणते, ह्यांचा पत्ता नसतो. चढवणाराचे नाव मात्र ठळक. मग कधी तरी दोन-तीन वर्षांनी कोणी तरी खाली लिहितो की, सारंगीवर आमचे आजोबा आहेत, त्यांचे वाजवणे आमच्या घरात कोणाजवळच नाही, ही बैठक कोठली ते कृपा करून कळवावे. त्याखाली आणखी दहा-पंधरा जण 'वा वा' लिहून गेलेले असतात. बैठक कोठली ते कोणी सांगितलेले नसते.