कुलुपाचा पहिला धर्म

कुलुपाचा धर्म कोणता, असें कोणी विचारल्यास ‘चोरास बाहेर ठेवणें’ हें उत्तर आपण सहज देतों. परंतु तें अर्धेंच आहे. धन्यास आंत येऊं देणें हा त्याचा दुसरा, आणि आमच्या मतें पहिला, धर्म होय.

हा विचार मनांत आला तो गडचिरोली जिल्ह्यांतील एका स्वस्त धान्याच्या दुकानापुढें. एक वृद्ध स्त्री ई-पॉस यंत्रावर पुनःपुन्हा अंगठा टेकीत होती. दुकानदार तिला नांवानें ओळखीत होता, रांगेंतील प्रत्येक जण ओळखीत होता; यंत्र मात्र ओळखीना. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचणें, तेंदूपत्ता तोडून पुडे बांधणें, पावसाळ्यांत चिखलांत धान रोवणें, यांत जन्म गेल्यामुळें तिच्या बोटांवरील रेषा झिजल्या होत्या. ज्या श्रमांनीं तिला घडविलें, तेच तिच्याविरुद्ध साक्षीस उभे राहिले!

यंत्राची बाजूही ऐकली पाहिजे. खोट्या शिधापत्रिकांवर उचललेलें धान्य गरिबाच्याच ताटांतून जातें. शिवाय ‘आधार’चा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवींच दिला गेला, ज्यांच्यापाशीं कसलाही दाखला नाहीं, त्यांस ओळख मिळावी हा त्यामागील एक हेतु होता. पण अशा प्रत्येक यंत्राच्या हातून दोन चुका होतात: परक्यास आपला म्हणणें आणि आपल्यास परका म्हणणें. कसोटी कडक केली कीं पहिली घटते व दुसरी वाढते. तेव्हां दुसऱ्या चुकीचा भार कोणीं वाहावा, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो.

बोटें ओलीं असलीं म्हणजे आमचा भ्रमणध्वनीही आम्हांस ओळखीत नाहीं. आम्ही हंसून सांकेतिक आंकडे दाबतों आणि तो उघडतो. दुसरी किल्ली जवळ असल्यामुळें त्याची चूक आम्हांस गंमत वाटते. त्या स्त्रीनेंही फोनवर संकेतांक मागवावा, असें शहरांतील मनुष्य सुचवील. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत जेथें टेकडी चढल्यावांचून फोन लागत नाहीं, तेथें ती किल्ली विहिरींत पडल्यासारखीच आहे.

सन २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें आधारचा कायदा बव्हंशीं उचलून धरला. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं मात्र, माणसाची प्रतिष्ठा व हक्क संभाव्यतेच्या गणितावर अवलंबून ठेवतां येणार नाहींत, असा अभिप्राय नोंदविला. संशयाचा फायदा आरोपीस देणारा आपला न्याय भुकेलेल्यास तो कसा नाकारील?

त्या दिवशीं दुकानदारानें शेजाऱ्यांची साक्ष घेतली, वहींत नोंद केली व धान्य मापून दिलें. तसें करतांना तो किंचित् कचरला. कारण उद्यां जाब त्यालाच द्यावा लागणार होता. ओळखीच्या माणसास ओळखण्यासाठीं जेथें धैर्य लागतें, तेथें दोष त्या माणसाच्या अंगठ्यांत शोधूं नये, असें आम्हांस वाटतें.